कार्बाइडचा दाणा वितळू देऊ नका: पोलादावर लेझरने झीजरोधक थर चढवण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. रबाळे एमआयडीसीत मशीन शॉप चालवणाऱ्या एका तरुण उद्योजकाने तीन किलोवॅटचा फायबर लेझर आणि पावडर नोझल घेतलं आहे. ईएन 19 या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या पंप स्लीव्हवर (पंपाच्या शाफ्टवर बसणाऱ्या नळीवर) 60 टक्के टंगस्टन कार्बाइड आणि 40 टक्के निकेल अलॉय अशा पावडरचा थर चढवला, तर त्याला भेगा पडल्या आणि काही ठिकाणी कपचे उडाले. पंप खाडीच्या गाळमिश्रित पाण्यावर चालतो. ग्राहक 65 एचआरसीवर (एचआरसी म्हणजे रॉकवेल कडकपणाचं माप) अडून बसलाय. त्याच ग्राहकाच्या आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लँटमधल्या मिक्सर पॅडलचं कामही मिळण्यासारखं आहे. त्यात कुणीतरी सल्ला दिलाय की कार्बाइडच्या भानगडीत पडू नका, सरळ अल्युमिना (अल्युमिनियम ऑक्साइड) लेझरने वितळवून लावा. सेटिंगचे चार आकडे देऊन हे सुटणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात त्या 65 एचआरसीपासून करू, कारण बराचसा घोळ तिथेच आहे. रॉकवेलचा हिऱ्याचा शंकू 150 किलोच्या भाराने दाबला जातो, त्याचा ठसा अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतो. तुमच्या पावडरमधला कार्बाइडचा दाणा साधारण 50 ते 150 मायक्रॉनचा. म्हणजे शंकूखाली काही दाणे येतात, काही निकेल येतं, एखादा दाणा चिरडतो, आणि या सगळ्यांची सरासरी डायलवर दिसते. दोन मिलिमीटर बाजूला घेतलं की आकडा बदलतो. प्रत्यक्षात थरात दोन वेगळे पदार्थ आहेत. ओतीव टंगस्टन कार्बाइडचा दाणा 2500 ते 3000 विकर्सचा (विकर्स हे कडकपणाचं दुसरं माप), आणि त्याला धरून ठेवणारा निकेलचा मॅट्रिक्स 400 ते 600 विकर्सचा. ग्राहकाला 65 दाखवायचं म्हणून तुम्ही पॉवर वाढवलीत तर ते सहज दाखवता येईल. कार्बाइड विरघळेल, टंगस्टन आणि कार्बन निकेलमध्ये उतरतील, मॅट्रिक्सच कडक आणि ठिसूळ होईल. डायल खूश, आणि थर मात्र आधीपेक्षा लवकर जाणार.

या कामाचं मर्म इथेच आहे. शेंगदाण्याच्या चिक्कीत गूळ वितळवायचा असतो, दाणा अख्खा राहायला हवा, इथेही तसंच. लेझरने फक्त निकेल वितळवायचं आणि कार्बाइडचा दाणा त्यात जसाच्या तसा बसवायचा. निकेल-बोरॉन-सिलिकॉन जातीचे अलॉय साधारण 1000 ते 1100 अंशांच्या आसपास वितळतात, टंगस्टन कार्बाइड 2800 च्या आसपास. मधली जागा भरपूर दिसते, पण फसू नका. दाणा वितळायची वाट बघत नाही, द्रव निकेलमध्ये तो पाण्यातल्या साखरेसारखा विरघळायला लागतो, खासकरून ओतीव कार्बाइड, कारण त्यात डब्ल्यूसीबरोबर (नेहमीचं टंगस्टन कार्बाइड) डब्ल्यू2सी हे कमी कार्बनचं कार्बाइडही असतं आणि ते आधी विरघळतं. मेल्ट पूल, म्हणजे लेझरखालचं वितळलेलं डबकं, जितका गरम आणि जितका वेळ द्रव, तितका दाणा बारीक होत जातो आणि त्याच्या कडेला काटेरी, पिसासारखे नवे कार्बाइड वाढतात. भेग पुढे धावते ती त्या काट्यांमधूनच.

त्यात पोलादातलं लोखंड वर आलं तर आणखी बिघाड. लोखंड, टंगस्टन आणि कार्बन एकत्र आले की एटा कार्बाइड बनतं. ते काचेसारखं फुटतं, आणि ते बनताना चांगला डब्ल्यूसी खाल्ला जातो. म्हणून डायल्यूशन, म्हणजे खालच्या पोलादाचा थरातला वाटा, पाच टक्क्यांच्या आसपास ठेवायचा. शून्य नको, कारण मग थर चिकटणारच नाही. दहाच्या वर गेलात की टंगस्टन कार्बाइडचे पैसे वाया.

आता तुमच्या मशीनवर हे कसं बसवायचं ते पाहू. चार मिलिमीटरचा स्पॉट आणि सेकंदाला 10 मिलिमीटर वेग धरला, तर पूर्ण तीन किलोवॅट म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 75 जूल. या पावडरसाठी ते जास्त होतं. 1800 ते 2000 वॉटपासून सुरू करा, म्हणजे 45 ते 50 जूल. एक मिलिमीटर उंच बीड (एका फेरीतली थराची पट्टी) हवा असेल तर हिशोब सोपा आहे: बीडचा छेद अंदाजे 2.7 चौरस मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला 1.6 घन सेंटिमीटर थर. 60-40 मिश्रणाची घनता 12 च्या जवळ, म्हणजे मिनिटाला 19 ग्रॅम प्रत्यक्ष चिकटले पाहिजेत. नोझलमधून निघालेली सगळी पावडर पूलमध्ये पडत नाही, त्यामुळे 25 ग्रॅमच्या आसपास सोडा. ओव्हरलॅप 50 टक्क्यांपासून. हे आकडे सुरुवातीचे आहेत. तुमचं नोझल, त्याचं अंतर आणि जॉबची जाडी पाहून ते सरकणारच.

60 टक्के हा आकडा वजनाचा आहे, हे लक्षात ठेवा. ओतीव कार्बाइडची घनता 16 च्या वर आणि निकेल अलॉयची 8.4 च्या आसपास, त्यामुळे आकारमानाने कार्बाइड 43-44 टक्केच भरतं. बाकी अर्ध्याहून जास्त जागा निकेलची, आणि ती तशीच हवी. वजनाने 65 च्या वर गेलं की दाणे एकमेकांना टेकतात, मध्ये निकेल पोहोचत नाही, पोकळ्या राहतात. ग्राहकाने 70 टक्के मागितलं तरी सरळ नाही म्हणा.

घनतेचा फरक आणखी दोन ठिकाणी त्रास देतो. एक म्हणजे पूल खोल आणि जास्त वेळ द्रव राहिला तर कार्बाइड तळाशी बसतं. वरचा पाव मिलिमीटर नुसता निकेल, नंतर ग्राइंडिंगमध्ये काय उरतं ते नशिबावर. टायटॅनियम कार्बाइडचं उलट, घनता 4.9, ते पोलादाच्या रसात वर तरंगतं. दुसरं म्हणजे हॉपर. कार्बाइड आणि निकेल पावडर आधी एकत्र मिसळून हॉपरमध्ये भरलीत, की फीडरच्या कंपनाने ती वेगळी होत जातात. सकाळच्या पहिल्या जॉबमध्ये कार्बाइड जास्त, शेवटच्यात कमी. शक्य असेल तर दोन हॉपर वापरा, एकात निकेल, एकात कार्बाइड. असं केलं तर दाणा पूलच्या मागच्या, थंड होत जाणाऱ्या भागात टाकण्याची सोयही होते. तिथे तो जेमतेम क्षणभर द्रवात राहतो आणि धार न गमावता अडकतो.

लेझर फायबरचा आहे हे चांगलं आहे. इथे एक गोष्ट अभिमानाने सांगाविशी वाटते. ज्या कार्बन डायऑक्साइड लेझरवर हे सगळं क्लॅडिंग (थर चढवण्याचं काम) सुरू झालं, तो 1964 मध्ये बेल लॅब्जमध्ये शोधणारे कुमार पटेल बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. त्या लेझरची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन, पॉलिश पोलाद त्यातला मोठा भाग परावर्तित करतं. तुमचा फायबर लेझर 1.07 मायक्रॉनचा, पोलाद त्यातली तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त ऊर्जा शोषून घेतं. म्हणूनच जुन्या पेपरांतले कार्बन डायऑक्साइड लेझरचे वॉट तुमच्या मशीनवर जसेच्या तसे चालवू नका.

इथेच अल्युमिनाचा सल्ला का चुकीचा आहे तेही कळतं. 1 मायक्रॉनच्या प्रकाशाला शुद्ध अल्युमिना जवळजवळ पारदर्शक आहे. ऊर्जा त्यातून आरपार खालच्या पोलादात जाते. पोलाद 1500 अंशांच्या आत वितळतं, अल्युमिना 2072 ला. वितळलेलं पोलाद अल्युमिनाला ओलं करत नाही, थेंब होऊन बाजूला सरतं. कसंतरी चिकटवलंत तरी थंड होताना पोलाद दर अंशाला दशलक्षात 12 भाग आकसतं आणि अल्युमिना 8, त्यामुळे थर सोलून निघतो. सिलिकॉन कार्बाइडही पोलादात टाकू नका. द्रव लोखंडात ते टिकतच नाही, सिलिसाइड आणि ग्रॅफाइट बनवून मोकळं होतं. ऑक्साइड सिरॅमिकच हवं असेल तर त्याची वाट प्लाझ्मा स्प्रेची आहे: खाली निकेल-क्रोमचा बाँड कोट, वर क्रोमियम ऑक्साइड किंवा 13 टक्के टायटॅनियावालं अल्युमिना. पंप स्लीव्हवर क्रोमियम ऑक्साइड कित्येक वर्षं चालत आलंय. त्याला कमी समजू नका.

आता भेगा. भेग पडते ती जॉब थंड होताना, आणि ती ऐकू येते. बीम बंद झाल्यावर शॉपमधला पंखा आणि एक्झॉस्ट बंद करून जॉबजवळ उभे राहा. भेग पडत असेल तर स्लीव्ह हाताला सोसण्याइतकी निवेपर्यंत मधून मधून ‘टिक्’ असा स्वच्छ, बारीक आवाज येतो. पहिला टिक् किती वेळाने आला आणि तेव्हा पृष्ठभाग किती अंशांवर होता, हे इन्फ्रारेड गनने बघून वहीत लिहा. साडेतीनशेच्या खाली आल्यावर आवाज सुरू होत असतील तर खालच्या ईएन 19 मध्ये मार्टेन्साइट (वेगाने निवल्यावर होणारी कडक, ठिसूळ रचना) बनतंय असा संशय घ्यायला जागा आहे. त्यात 0.35 ते 0.45 टक्के कार्बन, वर क्रोम आणि मॉलिब्डेनम. लेझरनंतर ते इतक्या वेगाने निवतं की थराखालची पट्टी 600 विकर्सच्या घरात जाते. वरती ठिसूळ थर, खाली ठिसूळ पट्टी, आणि मध्ये आकसण्याचा ताण. टंगस्टन कार्बाइडचा आकसण्याचा दर निकेलच्या निम्म्याहून कमी आहे, म्हणजे प्रत्येक दाण्याभोवती ताण आहेच.

त्यामुळे ईएन 19 थंड असताना बीम लावायचा नाही. 300 अंशांच्या आसपास प्रीहीट करा, आणि गॅस टॉर्चने वरवर शेकून भागणार नाही, जॉब आतपर्यंत तापला पाहिजे. पूर्ण काम होईपर्यंत तापमान तिथेच धरा, मग सिरॅमिक ब्लँकेटमध्ये गुंडाळून किंवा व्हर्मिक्युलाइटच्या पेटीत पुरून रात्रभर निवू द्या. सकाळी डाय पेनिट्रंट (भेगा दाखवणारा रंग) मारा, संध्याकाळी नको. काही भेगा तासांनंतर उघडतात. ईएन 19 हार्डन-टेम्पर केलेलं असेल तर टेम्परिंगचं तापमान 550 च्या वर असतं, त्यामुळे 300 च्या प्रीहीटने त्याच्या ताकदीला धक्का लागत नाही. साध्या माइल्ड स्टीलवर एवढी काळजी लागत नाही. ग्राहकाला ताकदीसाठी ईएन 19 हवंच आहे का, हे एकदा विचारून बघायला हरकत नाही.

प्रीहीट केलेल्या पातळ स्लीव्हमध्ये आणखी एक अडचण येते. एका टोकाकडून सर्पिल थर चढवत गेलात की दुसऱ्या टोकापर्यंत जॉब तापत जातो. पॉवर तीच ठेवली तर शेवटचे बीड रुंद आणि चपटे होतात, डायल्यूशन वाढतं, कार्बाइड विरघळतं. पायरोमीटर जोडून पॉवर आपोआप कमी करता आली तर उत्तम. नसेल तर मधून थांबा आणि तापमान बघून पुढे चला. बोअर आधी फायनल करू नका, थर चढल्यावर तो आत आवळतो. आणि थरासाठी खाच घेताना काटकोनात खांदा ठेवू नका. कोपऱ्यात बीम नीट पोहोचत नाही, तिथे फ्यूजन होत नाही, आणि कपचे तिथूनच सुटतात. 45 अंशांचा उतार किंवा सढळ रेडियस द्या. तुमचे कपचे नेमके कुठून सुटले हे प्रश्नात लिहिलेलं नाही, पण मी पैज लावली तर टोकांवर लावेन.

मॅट्रिक्सची निवड हा या थराचा दुसरा अर्धा भाग आहे. त्याच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. बहुतेक जण हार्ड म्हणून 60 एचआरसीचा निकेल-क्रोम-बोरॉन-सिलिकॉन घेतात. त्यातल्या क्रोमचे आधीच कडक बोराइड आणि कार्बाइड झालेले असतात, वरून विरघळलेला कार्बन आला की तो आणखी ठिसूळ होतो. दाणा कडक असताना मॅट्रिक्स चिवट पाहिजे. क्रोम कमी असलेला निकेल-बोरॉन-सिलिकॉन मॅट्रिक्स घ्या, भेगा लगेच कमी होतील. पण तुमचा पंप खाडीच्या पाण्यावर आहे, आणि क्रोम नसलेला निकेल खाऱ्या पाण्यात तितकासा टिकत नाही. तिथे निकेल-क्रोम-मॉलिब्डेनम जातीचा मॅट्रिक्स घ्यावा लागेल. तो मऊ असतो, म्हणजे झीज थोडी जास्त. ही तडजोड करावीच लागते, आणि ती ग्राहकाला आधी सांगा.

भेग असलेला थर नेहमीच फेकायचा का? याचं उत्तर पाणी देतं. सिमेंट किंवा कोळशाच्या प्लँटमध्ये क्रोम कार्बाइडच्या ओव्हरले प्लेटवर बीडला आडव्या, उभ्या खोलीच्या बारीक भेगा असतातच. त्या ताण मोकळा करतात आणि प्लेट चालत राहते. ज्या भेगा खाली जाऊन जोडावर वळतात आणि थराला समांतर धावतात, त्याच थर पाडतात. कोरड्या कामात उभ्या भेगा मी मान्य करतो. खाडीच्या पाण्यात मात्र एकही भेग मान्य करू नका. खारं पाणी भेगेतून पोलादापर्यंत पोहोचलं की वरचं निकेल कॅथोड आणि खालचं पोलाद अॅनोड होतं. एवढ्या मोठ्या कॅथोडसमोर भेगेच्या तळाशी उघडं पडलेलं पोलाद अगदी थोडं, त्यामुळे गंज तिथेच खोल उतरतो. वरून थर ठणठणीत दिसतो, आत पोकळ. खाडीच्या कामाला आधी शुद्ध निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचा एक अखंड थर द्या, त्यावर कार्बाइडचा. वरचा चिरला तरी खालचा पाणी अडवतो, शिवाय लोखंड कार्बाइडपर्यंत पोहोचत नाही.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. ग्राहक कडकपणा सांगतो, तुम्ही त्याला विचारा की घासणारं काय आहे, किती कडक आहे, आणि कोणत्या कोनात येतं. मुंबईच्या आरएमसी प्लँटमधली खडी आणि क्रश सँड ठाणे-पनवेल पट्ट्यातल्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. बेसाल्टमध्ये मुख्यतः फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन, मोजच्या कडकपणाच्या मापावर (1 ते 10) पाच ते साडेसहा. पोकळ्यांत भरलेली गारगोटी सोडली तर क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतो. क्वार्ट्‌झ सातवर, सुमारे 1100 विकर्स. क्रोम कार्बाइड 1500 च्या पुढे जातं. बेसाल्टसाठी ते पुरून उरतं. मग 2500 विकर्सच्या टंगस्टन कार्बाइडचे पैसे ग्राहकाने कशाला मोजायचे? तोच मिक्सर गुजरात किंवा कर्नाटकातल्या सिलिका सँडवर चालत असता तर हिशोब वेगळा होता.

पॅडलला दुसराही शत्रू आहे. 20 मिलिमीटरचा खडा पॅडल आणि लायनरच्या मध्ये अडकतो, आणि तो घासत नाही, फोडतो. तिथे ठिसूळ थराचा टवका उडतो. आणि पॅडल बहुतेक वेळा हाय-क्रोम किंवा नि-हार्ड व्हाइट आयर्नचं, म्हणजे कडक आणि ठिसूळ बिडाचं, ओतीव असतं. त्यावर लेझर लावणं म्हणजे भेगा मागवणं. पॅडलचं काम घेऊच नका असं मी म्हणेन. माइल्ड स्टीलची पॅडल असतील तर क्रोम कार्बाइडच्या फ्लक्स कोअर वायरने भरून द्या, लेझरची गरज नाही. ग्राहक तुमच्यावर जास्त विश्वास ठेवेल.

स्लीव्हबद्दलही माझं मत थोडं कडू वाटेल. स्लीव्ह ग्लँड पॅकिंगमध्ये (पाणी अडवणाऱ्या दोरीसारख्या वेटोळ्यात) फिरते. 100 मायक्रॉनच्या दाण्याच्या थरात आधी निकेल झिजतं, दाणे किंचित वर उभे राहतात, आणि मग स्लीव्ह पॅकिंगला कानसीसारखी खाते. पॅकिंग बदलून बदलून ऑपरेटर वैतागतो, दोष तुमच्या थरावर येतो. अशा ठिकाणी एचव्हीओएफने (अतिवेगवान ज्वालेच्या फवाऱ्याने) मारलेला टंगस्टन कार्बाइड-10 कोबाल्ट-4 क्रोम जास्त शोभतो. त्यातले दाणे एक-दोन मायक्रॉनचे, थर 0.2 ते 0.3 मिलिमीटर, ग्राइंड करून 0.2 ते 0.4 मायक्रॉन आरएपर्यंत (आरए म्हणजे खडबडीतपणाचं माप) गुळगुळीत आणता येतो. क्रोम असल्याने खाऱ्या पाण्यात नुसत्या कोबाल्टपेक्षा बरा. त्याची पकड यांत्रिक असते, लेझरच्या थरासारखी धातूत मुरलेली नसते, पण स्लीव्हवर धक्का बसत नाही, तिथे चालते.

मग लेझर कुठे? त्याच पंपात. सक्शनकडची वेअर प्लेट, इम्पेलरच्या व्हेनच्या कडा, थ्रोट बुश: जिथे गाळ तिरका घासत जातो आणि मिलिमीटरभर जाड थर हवा, तिथे हे काम सोनं आहे. कोन इथे निर्णायक ठरतो. 15-30 अंशांच्या तिरक्या माऱ्यात चिवट धातू सगळ्यात जास्त झिजतो, आणि कार्बाइडचा थर उत्तम टिकतो. सरळ 90 अंशांच्या माऱ्यात उलटं होतं, ठिसूळ दाणा फुटतो. व्हेनच्या ज्या टोकावर पाणी समोरून आदळतं तिथे कार्बाइड कमी आणि चिवट मॅट्रिक्स जास्त द्या. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह यांसारख्या पर्जन्य जल उदंचन केंद्रांपासून ते मेट्रोच्या भुयारांतल्या डीवॉटरिंग पंपांपर्यंत, या शहरात गाळाचं पाणी उपसणारे पंप कमी नाहीत. काम शोधायचं तर तिथे शोधा.

पावसाळ्याबद्दल वेगळं लिहिलंच पाहिजे, कारण मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात मुंबईचा जुलै नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये इथला दवबिंदू 24-26 अंशांवर असतो. चिलर 22 वर ठेवलात की लेझरच्या आत आणि क्लॅडिंग हेडच्या काचेवर दव धरतं. काचेवर पाण्याचा पडदा असताना दोन किलोवॅट सोडलेत तर प्रोटेक्टिव्ह विंडो जळते, आत डायोडपर्यंत ओल गेली तर खर्च विचारू नका. लेझर सोर्स वातानुकूलित, कोरड्या केबिनमध्ये ठेवा, हेडचं पाणी 28-30 वर ठेवा, आणि सकाळी चिलर आधी नको, एसी आणि डीह्युमिडिफायर आधी. पावडरही ओल धरते. मग ती नोझलमध्ये धक्क्याधक्क्याने येते आणि थरात सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. 100 ते 120 अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये कोरडी करा, उरलेली उघड्या डब्यात ठेवू नका. कॅरियर गॅस म्हणून आर्गॉनच वापरा. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं.

ग्राइंडिंगला साधं अल्युमिनाचं व्हील लावू नका, कार्बाइड ते खाऊन टाकेल आणि पृष्ठभाग जळेल. डायमंड व्हील, भरपूर कूलंट, कमी कट. 0.3 ते 0.5 मिलिमीटर अलाउन्स ठेवा.

माणसांच्या सुरक्षेत मात्र तडजोड नको. 1.07 मायक्रॉनचा किरण दिसत नाही, डोळा मिटायची प्रतिक्षिप्त क्रिया होत नाही, आणि चकाकत्या जॉबवरून परतलेला किरणही रेटिना जाळू शकतो. त्याच तरंगलांबीचे प्रमाणित गॉगल, बंद केबिन, दाराला इंटरलॉक. वेल्डिंगची काळी काच इथे चालत नाही. धुरात निकेल असतं, क्रोमच्या मॅट्रिक्समध्ये सहा संयुजेचं क्रोमियमही येऊ शकतं, आणि टंगस्टन कार्बाइडबरोबरचं कोबाल्ट जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2006 मध्येच ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलंय. नोझलजवळ एक्स्ट्रॅक्शन, हेपा फिल्टर. पावडर झाडूने झाडायची नाही, व्हॅक्यूमने उचलायची. पावडर भरणाऱ्या मुलाला मास्क द्या, नुसता रुमाल नको.

तपासणीसाठी ग्राहकाला एचआरसीऐवजी काय द्यायचं? त्याच स्टीलच्या, त्याच प्रीहीटच्या एका तुकड्यावर त्याच दिवशी थर चढवा. तो डायमंड कटरने आडवा कापा, माउंट करून डायमंड पेस्टवर पॉलिश करा. शंभर पटीत बघितलंत की सगळं समोर येतं: दाणे गोल-गुळगुळीत आहेत की कडा कुरतडलेल्या, तळाशी साचलेत की सारखे पसरलेत, जोडावर काळी रेघ आहे का. मुराकामी रीएजंट (कार्बाइड रंगवणारं रसायन) लावलं की डब्ल्यूसी आणि डब्ल्यू2सी वेगळे ओळखता येतात. मॅट्रिक्सचा आणि दाण्याचा मायक्रो विकर्स वेगवेगळा घ्या, आणि जोडाखालच्या पट्टीचाही. मॅट्रिक्स 700 च्या वर गेला असेल तर कार्बाइड विरघळलाय, पॉवर कमी करा. पट्टी 450 च्या वर असेल तर प्रीहीट कमी पडला. झिजेसाठी एएसटीएम जी 65, कोरड्या वाळूची रबर व्हील टेस्ट: प्रोसीजर ए मध्ये 130 न्यूटन भार आणि 6000 फेरे. निकाल घन मिलिमीटरमध्येच मागा, ग्रॅममध्ये नको. कार्बाइडचा थर पोलादाच्या दीडपट जड आहे, ग्रॅममध्ये तुलना केली तर तुमच्याच थरावर अन्याय होतो. मायक्रोसाठी मुंबई-ठाण्यात एनएबीएल मान्यतेच्या धातू प्रयोगशाळा आहेत. लेझरच्या प्रक्रियेतच अडलात तर हैदराबादच्या एआरसीआय या सरकारी पदार्थ संशोधन संस्थेत या विषयाचं स्वतंत्र केंद्र आहे, उद्योगांशी त्यांचं काम चालतं.

राहिल्या त्या भेगाळलेल्या स्लीव्ह. त्यांवर पुन्हा बीम फिरवून भेगा बुजवायच्या भानगडीत पडू नका. दुसऱ्यांदा वितळला की उरलासुरला दाणाही विरघळतो आणि भेग खालच्या पट्टीतून पुन्हा वर येते. डायमंड व्हीलने थर पूर्ण काढा, खालची कडक पट्टीही काढा, म्हणजे जोडाखाली आणखी मिलिमीटरभर. मग डाय पेनिट्रंट मारून एकही रेघ नाही याची खात्री करा. त्यानंतर बोअरच्या भिंतीला पुरेशी जाडी उरत नसेल तर नवी स्लीव्ह टर्न करा आणि तीच ग्राहकाकडे एचव्हीओएफसाठी सुचवा. त्याच भेटीत पंपाची जुनी, झिजलेली वेअर प्लेट मागून घ्या आणि ती कुठे तिरकी घासली गेलीय, कुठे खळगे पडलेत ते बघून मग पावडरची ऑर्डर द्या.